कच्चा बोल्ट

माझे अब्बा धंद्यात खोटं बोलत नसत. फक्त एक बोल्ट लपवत. तो मी उघडा पाडला आणि त्यापायी माझ्या साल्याचा उजवा हात गेला. साल्याचं नाव युसूफ. त्याची बहीण नसीमा, माझी बायको, या उन्हाळ्यात वारली. घरात बोलायला कोणी उरलं नाही म्हणून लिहितो. मी सातवी नापास. माझी मराठी शाळेत कमी आणि लेथच्या पट्ट्याखाली जास्त घडली, त्यामुळं वाचणाऱ्यानं शुद्धलेखन पाहू नये.

आमचं दुकान घाटंजीला सडकेच्या कडेला होतं आणि दुकानाच्या पाठीला घर. मध्ये दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. पडद्याच्या अलीकडं लोखंड आणि पलीकडं चूल. लेथचा, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनचा, पट्टा फिरताना फट्-फट्-फट् असा आवाज करायचा, अम्मीच्या भाकर थापण्याचाही तोच आवाज, आणि लहानपणी मला दोन्हीतला फरक कळायचा नाही. अम्मीला कळायचा. पट्टा थांबला की ती न विचारता तव्यावर भाकर टाकायची, कारण अब्बा हात धुवून येणार हे तिला माहीत. आमच्या घरातल्या ज्वारीच्या भाकरीला थोडी लोखंडाची चव असायची. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या टाकून अम्मी ती अशी आटवायची की पळी उभी राहावी, वरून लसणाची फोडणी, आणि अब्बा म्हणायचे, "इसमें भी किस आयी है क्या देख." किस म्हणजे लोखंडाचा भुगा. अम्मी म्हणायची, "किस आयी तो अच्छा है, खून बढता." बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं दुकानात बसायला यायची, त्यांच्यासाठी काळा चहा. नसीमा गेल्यापासून मी भाकर थापून पाहिली. जमत नाही. पोराची बायको पोळ्या करते, चांगल्या करते, पण आवाज नसतो.

आमचा खरा हंगाम दसऱ्यापासून. कापूस होताच, पण सोयाबीन आलं आणि मळणीच्या मशीनी गावोगाव झाल्या. त्या मशीनला कोणी थ्रेशर म्हणायचं, कोणी हडंबा. ट्रॅक्टरच्या मागं एक फिरता खुंटा असतो. त्याची ताकद मशीनच्या ड्रमापर्यंत नेणारा जो लांब दांडा, तो शाफ्ट. दोन्ही टोकांना क्रॉसचे जोड, म्हणजे मशीन वाकड्यात उभी असली तरी दांडा फिरतो. ट्रॅक्टर एकाच जागी उभा, मशीन एकाच जागी उभी, आणि मधला हा दांडा दिवसभर थरथरतो. तुटायचं ते तोच तुटतो. मग माणसं तुटका शाफ्ट खांद्यावर घेऊन आमच्या दुकानात यायची, मयताला आल्यासारखी तोंडं करून.

सगळ्यांना एकच पाहिजे असायचं. जाड, भरीव, कडक. अब्बा द्यायचे पाइपाचा, पोकळ. एकदा मारेगावकडचा एक पाटील असा चिडला. म्हणाला, "मिस्त्री, हे पोकळ कायले? आमाले का बासरी वाजवाची हाय?" अब्बा हसले. त्यांनी त्याला शाफ्टाजवळ बसवलं आणि समजावलं. म्हणाले, "पाटील, ही मशीन ताप आलेल्या माणसासारखी हलते. हलनं आपल्याले बंद करता येत नाही. भरीव दांडा आपल्याच वजनानं मधात झोल खाते आणि मग सगळ्या मशीनले मारते. पाइप हलका, घेर मोठा, तो सरळ राह्यते." गिऱ्हाइकाशी अब्बा वऱ्हाडी बोलायचे, पडद्याच्या आत हिंदी. पाटील पोकळ शाफ्ट घेऊन गेला, पण जाताना खांद्यावर तो उलटासुलटा करून पाहत गेला.

भंगारात ट्रकाचे जुने शाफ्ट मिळायचे. त्यातून निवडायला अब्बा मला न्यायचे. दोरीनं आडवा टांगायचा आणि लहान हातोडीनं मारायचं. आवाज लांब गेला तर माल साफ, मध्येच बसला तर आत चीर. मग जिथं चावी, म्हणजे चाक धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, बसते त्या खाचेवर नख फिरवायचं. खाचेचा कोपरा धारदार असेल तर अब्बा तो कानशीनं गोल करत बसायचे, अर्धा अर्धा दिवस. म्हणायचे, "कोना दिखा कि थरथर वहीं घर करती." कडक पोलाद ते शाफ्टाला वापरत नसत. मऊ लोखंड आधी वाकतं, कुरकुरतं, सांगून तुटतं. कडक माल काचेसारखा. सकाळी चांगला, दुपारी दोन तुकडे. मला हे सगळं तोंडपाठ होतं. तरी जे केलं ते केलं.

आता तो बोल्ट. मशीनकडच्या टोकाला दोन चकत्या समोरासमोर येतात आणि त्या एका बोल्टानं धरलेल्या असतात. तो बोल्ट अब्बा मुद्दाम मऊ लोखंडाचा करायचे. ओली पेंढी ड्रमात अडकली, ड्रम जाम झाला, की ट्रॅक्टर काही थांबत नाही. त्याला काय माहीत. तेव्हा कुठंतरी काहीतरी तुटलंच पाहिजे. मग हा बोल्ट टक् करून तुटायचा, ड्रम थांबायचा, बाकी सगळं शाबूत. दुसरा बोल्ट टाकला की झालं. आमच्या घरात त्याला कच्चा बोल्ट म्हणायचे. पण गिऱ्हाइकासमोर हा शब्द काढायची मनाई होती. अब्बा त्याला काळा रंग मारायचे आणि शाफ्टासोबत मूठभर जास्तीचे द्यायचे. म्हणायचे, "हे नागपुरी बोल्ट हायेत, हेच टाकजा, दुसरा चालत नाही." लोकांना वाटायचं नागपूरचा खास माल. मी एकदा विचारलं, खरं सांगायला काय जातं? अब्बा म्हणाले, "कच्चा बोलेगा तो कोई नहीं लगाएगा." तेव्हा मला ते डरपोकपणाचं वाटलं. आज कळतं. आमच्याकडं माणूस कच्च्या घरात जन्मतो, कच्च्या सडकेनं चालतो, नोकरीलाही कच्चाच लागतो. त्याला दुकानात बोलावून कच्चं देतो म्हटलं तर तो शिवीच समजणार.

मी वीस-एकवीस वर्षांचा असताना माझी मंगनी झाली. सासर फुलसावंगीचं, शेतकरी घर. सासरे मेहबूब मामू, थोडकं बोलणारे. त्यांचा एकुलता पोरगा युसूफ, माझ्याच वयाचा. शेतात हिंदू पोरांसोबत वाढलेला, त्यामुळं बोली पक्की वऱ्हाडी आणि जीभ त्याहून पक्की. आणि नसीमा. मंगनीच्या दिवशी तिची फक्त मेंदी लावलेली बोटं दिसली होती, साखर देताना. त्या घरची मशीन होती आणि शाफ्ट वर्षात दोनदा तुटायचा. मंगनीनंतर मामूंनी अब्बांना सांगितलं, आता घरचाच मिस्त्री आहे तर चांगला शाफ्ट द्या. अब्बांनी सासरी जाणारा माल म्हणून जास्तच निवडून दिला. खाचेचे कोपरे घासताना मी त्यांना गुणगुणताना ऐकलं, ते कधी गुणगुणत नसत.

शाफ्ट एसटीच्या टपावर टाकून मी आर्णीवरून फुलसावंगीला गेलतो. नवी विजार घालून गेलतो, हेही सांगतो. खळ्यावर मशीन उभी होती. मी शाफ्ट बसवला, चालू केला, आणि तो असा गुपचूप फिरला की मामूंनी जवळ येऊन कान लावला. थरथर होतीच, पण त्यात खडखड नव्हती. युसूफ म्हणाला, "दुल्हेभाई, चालू हाय ना? का झोपला?" मजूर हसले. मी फुगलो. दुपारपर्यंत काम झकास झालं. मग कोणीतरी गंजीच्या बुडाची ओलसर पेंढी टाकली, ड्रमात गच्च बसली, आणि टक्. बोल्ट गेला. मशीन थांबली.

खळ्याच्या बाजूलाच घराचा तट्टा होता, बांबूचा, शेणानं सारवलेला. तट्ट्याच्या आड बायका आमच्यासाठी जेवण काढत होत्या, बांगड्या ऐकू येत होत्या. युसूफनं बोल्टाचे दोन तुकडे हातावर घेतले आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, "काय लावलं बे दुल्हेभाई? आताच तं बसवला. आमच्या जुन्या बोल्टानं दोन हंगाम काढले."

मी म्हणू शकलो असतो, नागपुरी आहे, दुसरा टाका. खिशात होतेच. पण मला लहानपणापासून ही खोड, विचारलं की आहे ते सांगायचं. मी म्हणालो, "तो तुटायसाठीच हाय. कच्चा बोल्ट हाय तो. अब्बा मुद्दाम कच्चा टाकतात." आणि काहून टाकतात तेही नीट सांगितलं, ड्रम, ट्रॅक्टर, सगळं. कोणी ऐकलं नाही. सगळ्यांनी एकच शब्द उचलला.

"ऐकलं का हो?" युसूफ ओरडला, तट्ट्याकडं तोंड करून. "पोरगी आमची पक्की नेऊन राह्यले आणि आमाले बोल्ट कच्चा!"

मजूर तर हसलेच, मामूंच्याही मिशा हलल्या. आणि तट्ट्याच्या आडून एक हसू आलं. बाकीच्या बायकांचं वेगळं कळत होतं, हे एकटं वर उठलं, भांड्यातून पाणी सांडावं तसं, आणि लगेच कोणीतरी तोंड दाबल्यासारखं बंद झालं. मला कोणी सांगायची गरज नव्हती कोणाचं ते. माझे कान तापले. ते हसू मला परत ऐकायचं होतं, आणि त्यात मी हरलेला नको होतो. मी म्हणालो, "पुढच्या जुम्म्याले पक्का आणतो. असा आणतो का तुमच्या नातवापर्यंत तुटणार नाही."

"पाहू बे," युसूफ म्हणाला. "नाई आणला तं निकाहात आमी पण कच्चीच दावत देऊ. बिनशिजल्या बोट्या!"

घरी येऊन मी ट्रकाच्या मोडक्या एक्सलचा तुकडा काढला. त्याहून कडक माल आमच्या दुकानात नव्हता. लेथवर तो कापताना हत्यार किंचाळत होतं. अब्बांनी आवाजावरून ओळखलं. पडदा सारून आले आणि म्हणाले, "किसका?" मी खरंच सांगितलं. युसूफसाठी, पक्का बोल्ट, ससुरालवाले हसले. अब्बांनी मशीन बंद केली नाही. मला अजून वाटतं, त्यांनी बंद करायला पाहिजे होती. ते एवढंच म्हणाले, "मैंने इतने साल में एक बार भी वो नाम बाहर नहीं बोला. तू एक दिन में बोल के आया." मग नमाजीआधी हातपाय धुवायला, वजू करायला गेले. बोल्ट चांगला झाला. माझ्या हातून तोवर झालेल्या कामात सगळ्यात चांगला.

जुम्म्याच्या नमाजीनंतर मी फुलसावंगीला. युसूफनं बोल्ट हातावर तोलला, दगडावर आपटून पाहिला, ठिणगी निघाली. "हा हाय मर्दाचा माल," म्हणाला. मीच पान्यानं आवळला. मीच. मशीन चालू झाली, पेंढ्या जाऊ लागल्या, पलीकडून दाणे पडू लागले पिवळेधमक. आदल्या पहाटेचं दव खूप होतं आणि गंजी वरून वाळली तरी आत ओली होती. मला माहीत होतं. हात घालून पाहिलं होतं. तरी मी तट्ट्याजवळ उभा होतो, कान तिकडं.

ड्रम जाम झाला. मी टक् ऐकायची वाट पाहिली. टक् झालंच नाही. ट्रॅक्टर घरघरला, काळा धूर सोडला, अख्खी मशीन एकदा जागेवरून उचलल्यासारखी झाली. युसूफ शाफ्टाच्या बाजूला उभा होता. त्यानं ट्रॅक्टरवाल्याला थांबवायला उजवा हात वर केला. "बंद कर, बंद कर," ओरडला. बोल्ट तुटला नाही म्हणून क्रॉसचा जोड तुटला, आणि शाफ्ट एका टोकाला मोकळा होऊन फिरला. अब्बांनी निवडलेला, हलका, सरळ, एक चीर नसलेला शाफ्ट. त्यानं युसूफचा वर केलेला हात कोपराच्या वरून नेला.

पुढचं मी लिहीत नाही. यवतमाळच्या दवाखान्यात त्याचा हात काढला. मामू व्हरांड्यात उकिडवे बसून होते आणि अब्बा त्यांच्या बाजूला तसेच. अब्बा म्हणत होते, "माल मेरी दुकान का था, भाईजान." मी म्हणालो, "बोल्ट मी केला, मी लावला." मामूंनी मान वर केली नाही. ते म्हणाले, "नसीमाचं काय कराचं ते मी नाही ठरवत. हात त्याचा गेला. तो ठरवन."

मी देवाला काय मागत होतो ते सांगतो. मंगनी तुटावी हेच मागत होतो. तुटली असती तर मी शिक्षा झालेला माणूस म्हणून घरी गेलो असतो आणि सुटलो असतो. पाचसहा दिवसांनी युसूफनं मला आत बोलावलं. चेहरा उतरून लहान झाला होता. माझ्याकडं पाहिलं आणि मामूंना म्हणाला, "पोरगी द्या याले. नाई तं हा सुटून जाईन. मले हा समोर पाह्यजे, जलमभर." मामू रडले. मला वाटतं तो विनोद होता. मला वाटतं तो विनोद नव्हता. इतकी वर्षं झाली, अजून ठरवता आलं नाही.

त्या हंगामात मळणी राहिली होती. मी जाऊन युसूफच्या जागी उभा राहिलो, अब्बांनी जोड दुरुस्त करून दिला आणि कच्चा बोल्ट बसवला. आता सगळे त्याला कच्चाच म्हणत होते आणि कोणी हसत नव्हतं. तट्ट्याच्या आड बांगड्या वाजायच्या. बाकी काही नाही. निकाहात काजीनं विचारलं तर माझ्या तोंडून शब्दच फुटेना. सगळी मंडळी माझ्याकडं पाहत होती. युसूफ रिकामी बाही खोचून बाजूलाच बसला होता. तो हळूच म्हणाला, "नको थ्या जागी बोलला. आता बोल ना बे." मग मी कबूल म्हणालो.

माणसं म्हणतात चूक त्या दिवशी झाली. त्या दिवसाचं मला तितकं जड नाही, कारण ते सगळ्या जगाला माहीत होतं. युसूफ येता-जाता टोमणे मारायचा, त्यानं वजन वाटलं जायचं. जड आहे ते दुसरं. आमचा सलीम पाळण्यात होता तेव्हाची गोष्ट. दुपार होती, अब्बा दुकानात, पट्टा चालू. नसीमा अंबाडीची पानं खुडत बसली होती. मान खाली ठेवूनच म्हणाली, "एक विचारू? खरं सांगजा."

"विचार."

"तुमी तो पक्का बोल्ट मी हासली म्हणून बनवला का?"

मी म्हणालो, "हो."

नुसतं हो. युसूफची जीभ होती, माझी अकड होती, मजुरांसमोर नाक कापल्यासारखं झालं होतं, हे सगळं होतं. पण तिनं विचारलं तेवढ्याचंच मी उत्तर दिलं. आणि ते खरं होतं. ते हसू ऐकलं नसतं तर मी खिशातला नागपुरी बोल्ट टाकून जेवायला बसलो असतो. ती म्हणाली, "बरं झालं सांगतलं." आणि देठं एका बाजूला, पानं एका बाजूला, सगळं नीट करून उठली. त्यानंतर ती हसायची तेव्हा पदर तोंडावर दाबायची आणि आवाज येऊ द्यायची नाही. अम्मीनं एकदा विचारलंसुद्धा, "बहू के दाँत दुखते क्या?" युसूफ घरी आला की ती त्याच्या ताटात भाकर मोडून ठेवायची, मांसातली हाडं काढून ठेवायची, त्यानं न मागता. तो चेष्टा करायचा, तिला हसवायला पाहायचा, तिचे खांदे हलायचे, आणि पदर. मला वाटायचं, हे माझं ओझं आहे, मी हिच्या डोक्यावर ठेवलं आणि हात झटकून मोकळा झालो. एक शब्द खोटा बोलायचा होता. अब्बा एक काळा रंग मारून गावाचे हातपाय सांभाळायचे. मला घरातल्या एका बाईसाठी ते जमलं नाही. पुढं कितीदा मनात आलं, सांगावं, तसं नव्हतं ते. पण तिनं परत विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची माझी जात नव्हती.

दुकान आता सलीम पाहतो. शाफ्ट तयार येतात, वरून पिवळं कव्हर असतं, आणि मऊ बोल्ट कंपनीच पिशवीत घालून देते, सोबत चित्रं. गिऱ्हाईक चित्र बघत नाही. कव्हर काढून फेकतं आणि बोल्ट दाखवून म्हणतं, याच्याहून पक्का नाही का? सलीम त्यांना मोबाइलवर दाखवून समजावत बसतो. मी खुर्चीवरून म्हणतो, "भाऊ, नागपुरी हाय तो. दुसरा चालत नाही." ऐकतात. खोटं बोलायला मी शिकलो, पण उशिरा शिकलो आणि दुकानात शिकलो.

नसीमाला मातीत ठेवायची वेळ आली तेव्हा मी बाजूला उभा होतो. आमच्यात बाईला कबरीत उतरवतात ते तिच्या रक्ताचे, भाऊ नाहीतर मुलगा. नवऱ्याचं नातं श्वासासोबत सुटतं असं लोक मानतात. सलीम पायाच्या बाजूला उतरला. डोक्याच्या बाजूला युसूफ उतरला, एवढ्या वयात, कोणाचा आधार न घेता. पण डोक्याकडची बाजू जड असते, तिला दोन हात लागतात. वरून सलीमच्या वयाचं कोणीतरी युसूफला म्हणालं, "मामू, तुम्ही वर या, दुसऱ्याला उतरू द्या." युसूफनं तिकडं पाहिलंही नाही. माझ्याकडं पाहिलं.

"काय पाहून राह्यला बे? उतर. उजवा हात बाकी हाय तुयाकडे."

कोणीतरी कुजबुजलं. मौलाना दुसरीकडं पाहत राहिले. मी उतरलो, गुडघे कडकड वाजले. तिच्या मानेखाली त्याचा डावा हात आणि माझा उजवा. ती काहीच वजनाची नव्हती. आम्ही तिला ठेवलं, कफनाची गाठ सोडली, तोंड किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला केलं. सलीम वर चढला. मी वाकलो आणि तिच्या कानाशी म्हणालो, "तू हासली म्हणून नव्हतं ते."

युसूफ तिथंच होता. "काय म्हणून राह्यला?"

"काही नाही."

त्यानं ऐकलं होतं. रिकाम्या बाहीनं त्यानं नाक पुसलं आणि थोडा सरकून मला जागा करून दिली.

"मोठ्यानं सांग," म्हणाला. "शेवटी शेवटी तिले कमी ऐकू येत होतं."